ओमानला पक्षी बघायला जाताना: आधी पाणी शोधा

ओमानचं ठरलं की बहुतेक जण आधी पक्ष्यांची यादी काढतात. मीही काढली होती. देशाच्या यादीत पाचशेहून जास्त जाती आहेत, आणि दहा दिवसांच्या सुट्टीत त्यातलं काय हाती लागेल याचा त्या यादीवरून काही अंदाज येत नाही. दुसऱ्या खेपेपासून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. नकाशा उघडायचा आणि पाणी कुठे आहे ते शोधायचं. वाळवंटात पक्षी पाण्याभोवती गोळा होतात, आपला मुक्काम, गाडी आणि दिवसाचं वेळापत्रकही त्याच हिशेबाने ठरतं.

त्यासाठी पाच-सहा अरबी शब्द येत असले तरी पुष्कळ झालं. ऐन म्हणजे झरा. खोर म्हणजे समुद्रालगतचं, वाळूच्या बांधाने अडलेलं खाडीसारखं पाणी (आपल्या खोऱ्याशी गल्लत करू नका). वादी म्हणजे ओढ्याचं पात्र, बहुतेक वेळा कोरडं. तवी म्हणजे विहीर. फलज म्हणजे डोंगरातून शेतापर्यंत आणलेला पाट. ओमानचे असे काही पाट 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आणि सबखा म्हणजे खारट चिखलाचं मैदान, ज्यावर गाडी घालायची नाही. हे शब्द कळले की नकाशा बोलायला लागतो. ऐन हमरान, ऐन रझात, खोर रोरी, वादी दरबात, तवी अतैर ही सगळी नावं मुळात पाण्याचे पत्ते आहेत. तवी अतैर म्हणजे तर ‘पक्ष्यांची विहीर’. ते एक प्रचंड खोल विवर आहे आणि येमेन सेरिन हा छोटासा दुर्मीळ पक्षी बघायला लोक तिथेच जातात.

नकाशावर न दिसणारं पाणी माणसाने केलेलं असतं. सांडपाणी शुद्ध करणारी तळी, गुरांच्या चाऱ्यासाठी पाणी देऊन वाढवलेली गवताची शेतं, हॉटेलाची हिरवळ. मस्कतजवळची अल अन्साबची तळी किंवा दक्षिणेकडच्या सलाला शहराजवळ रैसूतची तळी घरच्यांना प्रेक्षणीय स्थळ म्हणून दाखवता येणार नाहीत, पण बदकं, चिखलपायटे (चिखलात चोच खुपसून चरणारे किनाऱ्यावरचे पक्षी) आणि वाट चुकलेले स्थलांतरित पक्षी तिथेच उतरतात. अशा जागा कोणाच्या तरी ताब्यात असतात. फाटकाशी जाऊन उभं राहण्याआधी परवानगी लागते का, कोणत्या वेळी सोडतात, हे विचारून ठेवा.

कधी जायचं

पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी एवढाच विचार करावा. दिवसा हवा सुसह्य असते, उत्तरेकडून आलेले पक्षी मुक्कामाला असतात आणि समुद्रकिनारी पाणपक्ष्यांची गर्दी असते. मे-जूनमध्ये आतल्या भागात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. तेव्हा हौस म्हणूनही जाऊ नये.

सलालाची गोष्ट थोडी वेगळी. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत तिथे खरीफ असतो, म्हणजे चक्क पावसाळा. धुकं, बुरबुर पाऊस, हिरवेगार डोंगर. आखाती देशांतले लोक ते बघायला झुंडीने येतात. आपल्याला मात्र सह्याद्रीत हे घरबसल्या मिळतं, शिवाय धुक्यात दुर्बिणीतून दिसतं ते फक्त धुकं. काही आफ्रिकन उन्हाळी पाहुणे, उदाहरणार्थ करड्या डोक्याचा खंड्या, त्याच काळात येतात हे खरं; पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा.

रमझानच्या तारखा बघून घ्या. 2026 आणि 2027 मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं चालत नाही, आणि गाडीत बसून पाणी पितानासुद्धा आजूबाजूला बघावं लागतं. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्याला ते जड जातं.

दहा दिवस कसे वाटायचे

मस्कत ते सलाला रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर. मधला बराचसा भाग सपाट, रिकामा आणि झोप आणणारा. पहिल्या खेपेला हा रस्ता कापण्याचं साहस नको, विमानाने दीड तासात जाता येतं. मी असं वाटेन: मस्कतला दोन रात्री, सलालाला पाच, सलालाच्या उत्तरेकडे कतबितच्या वाळवंटात एक किंवा दोन, उरलेला दिवस राखीव.

मस्कतमध्ये पहिल्या सकाळी थोडी निराशा होईल. समोर येतील साळुंकी, कावळा, होला, टिटवी, तित्तर, जांभळा शिंजीर. तारेवर नीलपंख. हे सगळं सोडून आलो कशाला, असं वाटतं. मग मान वर करा. शहराच्या कडेच्या डोंगरांवर पांढरी गिधाडं घिरट्या घालत असतात, आणि एकेकाळी आपल्याकडेही सहज दिसणारा हा पक्षी इथे डझनांनी मोजता येतो. कचरा टाकण्याच्या जागांवर तर विचारूच नका. तिथे जाणार असाल तर मास्क न्या.

सलाला आणि त्याभोवतीचा धोफार प्रांत ही खरी मेजवानी. डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावर खरिपाच्या पाण्यावर झाडी तगते आणि त्या झाडीत आफ्रिका आणि अरबस्तान एकत्र भेटतात. आपल्या स्वर्गीय नर्तकाचा आफ्रिकन भाऊबंद, सुगरणीच्या घराण्यातला रुपेल्स वीव्हर, अरेबियन पार्ट्रिज, ब्लॅकस्टार्ट, ट्रिस्ट्रॅम्स स्टार्लिंग, दोन-तीन प्रकारचे शिंजीर, कड्यांवर व्हेरोज ईगल. ऐन हमरानला एक अख्खी सकाळ द्या. गाडी लावून झऱ्याजवळ नुसतं बसा. पक्षी पाण्यावर येत-जात राहतात. ‘अजून चार ठिकाणं उरकू’ म्हणून तासाभरात उठणाऱ्यांना अरेबियन ग्रोसबीक सहसा दिसत नाही. खोरांवर रोहित, बगळे, बदकं. रैसूतच्या कचराभूमीवर हिवाळ्यात स्टेप गरुड शेकड्यांनी बसलेले असतात.

पूर्व किनाऱ्यावरचं बर्र अल हिकमान हे चिखलपायट्यांचं मोठं हिवाळी घर आहे. तिथे लाखांनी पक्षी उतरतात आणि क्रॅब प्लोव्हर हा काळा-पांढरा, जाड चोचीचा, खेकड्यांवर जगणारा पक्षी थव्याने दिसतो. पण तिथलं सबखा भल्याभल्यांच्या गाड्या गिळतं. नवख्याने मसिरा बेटाची बोट सुटते त्या शन्नाच्या धक्क्याजवळूनच बघावं. भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत ठेवा. भरतीच्या आधीचे एक-दोन तास पाणी पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. ओहोटीला ते इतके लांब जातात की टेलिस्कोपमध्येही ठिपके. शिवडीला रोहित बघितलेल्यांना हे गणित नवीन नाही.

कागदपत्रं आणि खसखस

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. व्हिसा ऑनलाइन मिळतो, तो रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा; तशाच दिसणाऱ्या, जादा पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. कमी दिवसांचा आणि महिन्याचा असे प्रकार आहेत. कमी दिवसांचा घेतलात तर येण्या-जाण्याचे दिवस धरून मोजा, कारण मुदत उलटली की दिवसागणिक दंड बसतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन असा एखादा व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना काही सवलती असतात. त्या बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा.

गाडी स्वतः चालवणार असाल तर आपल्या आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. अर्ज ऑनलाइन होतो, पण आठवडाभर हाताशी ठेवा.

मोठी लेन्स नेणाऱ्यांसाठी एक सूचना. निघताना आपल्या विमानतळावर कस्टमच्या टेबलाकडे जाऊन कॅमेरा आणि लेन्सचे अनुक्रमांक नोंदवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. परत येताना ‘ही तिकडून विकत आणली का’ या प्रश्नाला तेवढाच एक कागद उत्तर देतो. यासाठी विमानतळावर तासभर आधी पोचावं लागतं.

औषधांची मूळ वेष्टनं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर आखातात कडक निर्बंध आहेत. आणि दिवाळीनंतर लगेच जाणार असाल तर फराळाच्या डब्याकडे एकदा बघा. चकली-शेव जाऊ द्या, अनारसे काढून ठेवा. संयुक्त अरब अमिरातींत खसखस अमली पदार्थांत धरतात, आणि तुमचं विमान दुबईवरून जात असेल तर त्या अनारशांवरचा तो एक थर तुम्हाला चांगलाच महागात पडेल. आमच्या गटातल्या काकूंनी विमानतळावर जाताना, गाडीतच, अख्खा डबा ड्रायव्हरला देऊन टाकला. त्याची दिवाळी झाली.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भारतातून विनापरवाना नेता-आणता येत नाही. परदेशातले पक्षीनिरीक्षक ते सर्रास वापरतात, ते बघून मागवू नका. ड्रोनही घरीच ठेवा.

गाडी

ओमानमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. सराव व्हायला दोन दिवस लागतात, आणि पहिले दोन दिवस तुम्ही इंडिकेटरऐवजी वायपर लावून वळणार हे धरून चाला. गोल चौकात आत असलेल्याचा हक्क पहिला. मोठ्या रस्त्यांवर कमाल वेग 120, आणि रडार जागोजागी. बऱ्याच गाड्या 120 ओलांडलं की टुणटुण वाजायला लागतात. तो आवाज बंद करायचा उपाय एकच.

सलालाभोवतीच्या बहुतेक जागांना साधी गाडी चालते. पण उत्तरेकडच्या जबल अखदर या डोंगरावर जायचं असेल तर पायथ्याशी पोलीस चौकी आहे, चारही चाकांना ताकद असलेली गाडी नसेल तर तिथूनच परत पाठवतात. वाळूत शिरायचंच असेल तर टायरमधली हवा कमी करणं, पुन्हा भरायला छोटा पंप, फावडं, आणि सोबत दुसरी गाडी हे सगळं लागतं. यातलं एकही नसेल तर डांबरावरच राहा. पुरेसे पक्षी दिसतात.

अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवू नका. उंट रस्त्यावर येतात. त्यांचा रंग वाळूचा, डोळे दिव्यांच्या झोताच्या वर, आणि धडकला तर अख्खं धूड काचेतून आत. धोफारच्या डोंगरात तर ते वळणावळणावर उभे असतात. वादीच्या पात्रात गाडी लावून झोपणं हाही तसाच वेडेपणा. पाऊस वीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

टाकी अर्धी झाली की भरा. सलालाहून वाळवंटाकडे जाताना लागणाऱ्या थुमरैत गावाच्या पुढे पंप दिसला की थांबायचं, असा नियमच करून टाका. पंपाला लागून बहुधा एक छोटं हॉटेल असतं, चालवणारा केरळचा असतो आणि त्याला हिंदी येतं. पराठा, ऑम्लेट, डाळ, कडक चहा. शाकाहारी माणूस वाळवंटात याच हॉटेलांवर जगतो. पैसे देताना लक्ष असू द्या: एका रियालचे हजार बैसा होतात, आणि एक रियाल म्हणजे सुमारे 2.6 डॉलर. ‘फक्त पाच’ हा आकडा ऐकायला बरा वाटतो.

बॅगेत काय

दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) असली तर उत्तम. टेलिस्कोप गटात एक पुरतो. ट्रायपॉड मोठ्या बॅगेत टाका, बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत. उलटं केलंत तर बॅग उघडायला बोलावतील. प्लग इंग्रजी पद्धतीचे, तीन चौकोनी दांड्यांचे असतात.

एसी गाडीतून उतरलं की किनाऱ्यावरच्या दमट हवेत दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते आणि नेमका तेव्हाच पक्षी उडतो. म्हणून दुर्बीण एसीच्या झोतासमोर ठेवू नका, उतरण्याआधी पाच मिनिटं खिडक्या उघडा. वाळू बसलेली काच कधीही थेट पुसायची नाही. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण उडवायचे, मग कापड. माझ्या जुन्या दुर्बिणीवर पहिल्या दिवशीच्या रुमालाचे ओरखडे अजून आहेत.

कपडे मळक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. ते उन्हासाठी हवेतच, आणि गावांतून फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असणं बरं दिसतं. जानेवारीत पहाटे वाळवंटात चांगलीच थंडी वाजते. एक जाकीट आणि कानटोपी हसत हसत घ्या. बूट रात्री बाहेर ठेवलेत तर सकाळी उलटे करून आपटा, विंचू आत निवांत बसलेला असू शकतो.

पाणी मी माणशी दिवसाला चार लिटर धरतो आणि गाडीत आणखी एका दिवसाचं जादा. दीड लिटरच्या बाटल्यांचा खोका कुठल्याही दुकानात मिळतो. ओआरएसच्या पुड्या घरून न्या. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, कोरड्या हवेत घाम दिसत नाही.

घरी करायचा अभ्यास

मोबाइलवर मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये ओमानचा पक्षीसंच आणि ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ज्या जागी जाणार त्या जागेच्या गेल्या महिन्याभरातल्या नोंदी बघा. वाळवंटातला पाणवठा दोन वर्षांत आटतो, त्याला कुंपण पडतं, पंप बंद होतो. दहा वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावर विसंबून जाऊ नका.

अभ्यासाला चंडोल आणि व्हीटिअर हे दोनच गट घ्या. बाकीचे पक्षी समोर आले की जमतात, हे दोन मातीच्या रंगाचे गट मात्र पाठ केल्याशिवाय सुटत नाहीत. शेपटीवरचं काळं-पांढरं कसं आहे तेवढं व्हीटिअरचं लक्षात ठेवा.

घुबडांच्या मागे पहिल्या खेपेला लागू नका. ओमानी घुबडाची कथा मात्र सांगायला हवी. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षितज्ज्ञही होते. मकरानच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका नमुन्यावरून त्यांनी 1878 मध्ये एका घुबडाचं वर्णन केलं. 2013 मध्ये ओमानच्या अल हजर डोंगरांत एका अनोळखी हाकेवरून ‘नवं’ घुबड सापडलं, त्याला नवं नावही मिळालं. पुढे ह्यूमच्या नमुन्याची जनुकीय तपासणी झाली, तर ते हेच घुबड निघालं. आता तिथे रात्री ध्वनिमुद्रण वाजवून त्याला छळणाऱ्यांत आपली भर नको.

पाणवठ्यावरची सकाळ

सलालाहून कतबित अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. त्याच्या जवळ मुंतसरचं ओॲसिस, आणि तिथे पखुर्ड्या (इंग्रजीत सँडग्राउज) पाण्यावर येतात. आपल्या सोलापूर-सासवडच्या माळावर दिसते ती पखुर्डी, शिवाय ठिपकेवाली आणि मुकुटवाली अशा तिच्या वाळवंटी बहिणी. चौथी, लिश्टेनस्टाइनची, अंधार पडल्यावर येते.

पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखा सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जाऊन बसलो. थंडीत दोन तास काही नाही. एक खाटीक, दोन चंडोल. सव्वाआठला कंटाळून चहाला गेलो. परत आलो तेव्हा ओल्या चिखलावर पावलांचे ताजे ठसे होते, शेकड्याने.

पखुर्ड्या सूर्योदयानंतर साधारण दोन-तीन तासांनी येतात, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी साडेसातला बसलो. पाण्यापासून लांब, सूर्य पाठीशी, गाडीतच. गाडीला ते घाबरत नाहीत, उभ्या माणसाला घाबरतात. आधी आवाज येतो, पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा. मग थवा उंचावरून दोन चकरा मारतो आणि पाण्यापासून बराच अलीकडे, उघड्यावर उतरतो. सगळे स्तब्ध. एक चार पावलं पुढे येतो, थांबतो. मग एकदम सगळे तुरुतुरु पाण्याकडे, चोच बुडवून काही घोट, आणि भुर्र. एखादा नर मागे राहून पोट पाण्यात टेकवतो. विणीच्या काळात पिसांत असं पाणी भिजवून तो कित्येक किलोमीटरवरच्या पिल्लांपर्यंत नेतो. एक थवा मिनिटभरसुद्धा थांबत नाही, पण मागून दुसरा येतो. तासभर हे चालतं. या तासात गाडीचं दार उघडायचं नाही, कोणी खोकायचंही नाही.

दहाच्या सुमारास हवा थरथरायला लागते, टेलिस्कोपमध्ये सगळं मृगजळासारखं हलतं. तेव्हा निघायचं, जेवायचं, झोपायचं. पुन्हा चारला.

दुर्बीण कुठे खाली ठेवायची

लष्करी तळ, विमानतळ, राजवाडे, बंदरं, तेलाच्या जागा इथे दुर्बीण गळ्यातही नको. स्त्रियांचे फोटो नाहीत, पुरुषांचे विचारून. कोणी हटकलं तर मोबाइलवर पक्ष्याचा फोटो दाखवा. दहातले नऊ वेळा प्रकरण कहवा (अरबी कॉफी) आणि खजुरावर संपतं. नाही म्हणू नका, पहिला कप घ्या. पुरे झालं की कप हलवून दाखवायचा. शुक्रवारी दुपारपर्यंत बरीच दुकानं बंद असतात, पाणी आदल्या दिवशीच भरा. आणीबाणीचा क्रमांक 9999.

आणि विमानात बसल्या बसल्या कॅमेऱ्याचं घड्याळ दीड तास मागे घ्या. ओमान आपल्या मागे आहे. मोबाइल आपोआप बदलतो, कॅमेरा नाही. माझ्या पखुर्ड्यांच्या सगळ्या फोटोंवर वेळ 10:20 आहे. घरी आल्यावर त्यावरून मी दोन मित्रांना ‘साडेदहाला जा, निवांत’ असं सांगून ठेवलं होतं.